तक्त्यावरचा डावा हात कोणाचा?

काही महिन्यांपूर्वी एका तालुक्याच्या गावी शाळेत जाण्याचा योग आला. नववीच्या वर्गात भिंतीवर मानवी शरीराचा तक्ता टांगलेला होता. गप्पांना सुरुवात करायची म्हणून मी विचारले, "हृदय कुठे असते?" वर्गाने एका सुरात उत्तर दिले, "डावीकडे!" मग एका मुलीला तक्त्यापाशी बोलावून म्हटले, "दाखव बघू." तिने हृदयावर बोट ठेवले, क्षणभर थबकली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, पण इथे तर उजवीकडे आहे." मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, "छपाई चुकली असेल!" वर्ग हसला.

मला त्या मुलाचे उत्तर आवडले. जे सांगितले गेले आणि जे डोळ्यांना दिसते त्यांत मेळ बसत नाही, हे त्याने मान्य केले आणि त्याचे कारण शोधले. कारण चुकीचे होते, पण त्यात त्याचा दोष नव्हता. कारण त्या सबंध तक्त्यावर कोठेही, अगदी तळाशी बारीक अक्षरांतसुद्धा, "डावे-उजवे हे चित्रातील माणसाचे समजावे" असे एक वाक्य छापलेले नव्हते.

पाठ्यपुस्तकांची परीक्षणे आपण वाचतो. तक्त्यांचे परीक्षण सहसा कोणी करत नाही. पाठ्यपुस्तक काही वर्षांनी बदलते. तक्ता मात्र रंग उडेपर्यंत भिंतीवर राहतो आणि विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या त्याच्याकडे पाहत शिकून बाहेर पडतात. म्हणून या लेखात मी तक्त्याचेच परीक्षण करणार आहे. एखाद्या विशिष्ट प्रकाशनाचा तक्ता माझ्यासमोर नाही. निरनिराळ्या शाळांत पाहिलेल्या बहुतेक तक्त्यांत जे समान आहे, त्याबद्दल बोलायचे आहे.

आधी गुण सांगायला हवेत. हे तक्ते मोठे असतात, शेवटच्या बाकावरून दिसतात, आणि अवयवांची नावे मराठीत देतात. जिथे प्रयोगशाळा नाही, प्रतिकृती नाही, तिथे तक्ता हेच एकमेव साधन असते. त्याची किंमत मी कमी लेखत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. तक्ता अवयवांची नावे सांगतो, पण दिशांचा करार सांगत नाही. आणि करार माहीत नसेल तर नावे पाठ होऊनही जागा कळत नाहीत.

करार पहिला : कोणाचे डावे?

डावे-उजवे हे पाहणाऱ्याचे की ज्याच्याकडे पाहायचे त्याचे, हा प्रश्न केवळ शरीरशास्त्रात येतो असे नाही. आपल्याकडे नीरा डावा कालवा आणि नीरा उजवा कालवा आहेत. नदीच्या काठावर उभे राहिलेल्या माणसाचे डावे-उजवे तो कोणत्या तोंडाने उभा आहे यावर बदलेल. म्हणून तिथे करार असा, की पाणी ज्या दिशेने वाहते त्या दिशेला तोंड करायचे. मग डाव्या हाताला येतो तो डावा काठ. नदीचे डावे-उजवे नदीच्या चालीवरून ठरते. बैलगाडीत प्रश्नच येत नाही, कारण गाडीवान बैलांच्या मागे बसतो आणि त्याचे व बैलांचे तोंड एकाच दिशेला असते. घोटाळा होतो तो समोरासमोर आल्यावर.

तक्त्यातला माणूस आपल्या समोरासमोर उभा असतो. म्हणून त्याचा डावा हात आपल्या उजव्या हाताला येतो. शरीरशास्त्राचा करार असा आहे की डावे-उजवे नेहमी त्या शरीराचे, पाहणाऱ्याचे नव्हे. हे समजावण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तक्ता भिंतीवरून काढून स्वतःच्या छातीशी धरून वर्गाकडे तोंड करून उभे राहणे. चित्रातले हृदय आता धरणाऱ्याच्या शर्टाच्या खिशाच्या बाजूला येते. एखाद्या विद्यार्थ्याला असे उभे केले की बाकीच्यांना "छपाईची चूक" आपोआप उलगडते.

ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण रुग्णालयात ती क्षुल्लक नसते. छातीच्या क्ष-किरण चित्राकडे डॉक्टर अशा प्रकारे पाहतात, की जणू रुग्ण त्यांच्यासमोर तोंड करून उभा आहे. पूर्वीची फिल्म पारदर्शक असे. ती उलटी लावली तरी चित्र दिसायचेच, फक्त हृदय दुसऱ्या बाजूला दिसायचे. काही माणसांचे हृदय आणि इतर अवयव खरोखरच आरशातल्यासारखे उलट्या बाजूला असतात. साधारणपणे १० हजारांत एक असे हे प्रमाण सांगितले जाते. तेव्हा फिल्म उलटी की माणूस उलटा, हे ठरवायला फिल्मवर डाव्या किंवा उजव्या बाजूची खूण लागते. आज चित्र संगणकाच्या पडद्यावर दिसते, तरीही ती खूण लागतेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी यादी जाहीर केली, तिच्यात भूल देण्यापूर्वी शस्त्रक्रियेची जागा शरीरावर खूण करून ठेवली आहे का, हा प्रश्न आहे. उजव्याऐवजी डाव्या बाजूवर शस्त्रक्रिया होणे हा जगभर घडलेला अपघात आहे, म्हणूनच हा प्रश्न तिथे आला.

माझा स्वतःचा अनुभवही सांगते. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी कोंबडीच्या भ्रूणावर काम करत होते. भ्रूणात हृदय आधी एका सरळ नळीसारखे असते आणि मग ती नळी भ्रूणाच्या उजव्या बाजूला वळते. एका आठवड्यात मला ओळीने काही भ्रूण असे दिसले, की ज्यांची नळी डावीकडे वळलेली होती. काहीतरी नवे सापडले या आनंदात मी मार्गदर्शकांना बोलावले. त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि शांतपणे विचारले, "पोट वर आहे की पाठ?" मी भ्रूण पोटाची बाजू वर करून काचपट्टीवर ठेवले होते आणि वाचत होते मात्र पाठीकडून पाहिल्यासारखे. शोध तिथेच संपला. नववीतल्या त्या मुलीची अडचण आणि माझी चूक यांत फरक एवढाच, की तिला शंका आली होती आणि मला आली नव्हती.

करार दुसरा : माणूस कसा उभा आहे?

तक्त्यातला माणूस जरा निरखून पाहा. तो ताठ उभा आहे, नजर समोर, हात शरीरालगत खाली सोडलेले, आणि तळहात पुढे वळवलेले. असे आपण सहजपणे कधीच उभे राहत नाही. हात सैल सोडले की तळहात मांडीकडे वळतात. मग चित्रकाराने त्याला असे अवघडून का उभे केले? तक्ता याचे उत्तर देत नाही, आणि विद्यार्थीही विचारत नाहीत.

उत्तर शोधायला हात मेजावर ठेवू या. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात : अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना. तळहात वर असेल, म्हणजे हात उताणा असेल, तर ही दोन्ही हाडे एकमेकांना समांतर असतात. आता हात पालथा घाला. रेडियसचे मनगटाकडचे टोक अल्नाला ओलांडून पलीकडे जाते आणि दोन हाडांची फुली होते. दुसऱ्या हाताने चाचपून पाहिले तर हे जाणवते. रेडियसला मराठी पुस्तकांत बहिःप्रकोष्ठास्थी, म्हणजे बाहेरच्या बाजूचे हाड म्हणतात आणि अल्नाला अंतःप्रकोष्ठास्थी. पण मेजावर पालथ्या ठेवलेल्या हातात मनगटाशी "बाहेरचे" हाड आतल्या बाजूला गेलेले असते! नाव खोटे ठरले का? नाही. नाव एका ठरावीक स्थितीपुरते दिलेले आहे, आणि ती स्थिती म्हणजे तक्त्यातल्या माणसाची अवघडलेली उभी स्थिती. शरीर प्रत्यक्षात झोपलेले असो, वाकलेले असो की खाटेवर कुशीवर वळलेले असो, वर्णन करताना ते या प्रमाण स्थितीत आहे असेच मानायचे, हा दुसरा करार.

या करारामुळे काय साधते? उताणे झोपलेल्या माणसाचे नाक छताकडे असते, तरी नाक "वर" नाही, "पुढे" आहे. डोके उशीवर असते, तरी ते छातीच्या "वर" आहे. खाट कशीही फिरवली तरी वर्णन बदलत नाही. जखमेची नोंद एका डॉक्टरने केली आणि ती दुसऱ्या गावच्या डॉक्टरने वाचली, तरी जागा तीच समजते.

इथे मराठीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. हात उताणा करणे आणि पालथा घालणे या दोन हालचालींना वैद्यकात स्वतंत्र पारिभाषिक शब्द आहेत आणि वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थी ते घोकून पाठ करतात. आपल्या घरातल्या बोलीत हे शब्द आधीपासूनच आहेत, आणि हातासाठी व सबंध शरीरासाठी तेच वापरले जातात. उताणा हा शब्द संस्कृत "उत्तान" वरूनच आलेला आहे. हाताच्या आतल्या बाजूला तळहात आणि पाठीमागच्या बाजूला मळहात. गुडघ्याखाली पुढे नडगी आणि मागे पोटरी. म्हणजे दिशेची जाण आपल्या भाषेत रुजलेली आहे. तक्ता मात्र या शब्दांना दाराबाहेर ठेवतो आणि एकदम "अग्र", "पश्च", "पार्श्व" पासून सुरुवात करतो.

करार तिसरा : कोणत्या प्राण्याचे "अग्र"?

शाळेच्या विज्ञानात हा शब्द फार गोंधळ घालतो. गांडुळाच्या पाठात अग्र टोक म्हणजे तोंडाकडचे टोक. बेडकातही अग्र म्हणजे डोक्याकडची बाजू. मग माणसाच्या पाठात तोच शब्द येतो आणि त्याचा अर्थ होतो छातीपोटाची बाजू! विद्यार्थ्याने गांडुळाच्या नियमाने उत्तर लिहिले तर माणसाचे अग्र टोक म्हणजे डोके, आणि ते चूक धरले जाते. त्याला कोणी सांगितलेलेच नसते, की माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि त्याबरोबर "पुढे" या शब्दाचा अर्थ बदलला. चार पायांच्या प्राण्यात पुढे असते डोके आणि पोट असते खाली. माणसात डोके वर गेले आणि पोट पुढे आले.

याचा परिणाम असा, की डोके व हातांकडून हृदयाकडे रक्त आणणाऱ्या मोठ्या शिरेला माणसात ऊर्ध्व महाशिरा म्हणतात आणि बेडकातल्या तिच्या जोडीदार शिरांना अग्र महाशिरा. नावे दोन, पण हृदयाच्या डोक्याकडच्या बाजूने येणे हे दोन्हींत सारखेच. पशुवैद्यकाने यातून सरळ मार्ग काढला : डोक्याकडचे आणि शेपटीकडचे असे शब्द वापरले, म्हणजे गाय उभी असो की बसलेली, घोटाळा नाही. पोटाकडचे आणि पाठीकडचे हे शब्दही असेच सुरक्षित आहेत. माणूस असो, मासा असो की सरडा, पोट ते पोट आणि पाठ ती पाठ.

ही तक्रार नवी नाही. एडिंबरोचे शरीरशास्त्राचे शिक्षक जॉन बार्क्ले यांनी १८०३ साली केवळ या प्रश्नावर एक पुस्तक लिहिले. वर, खाली, पुढे, मागे हे शब्द शरीराच्या स्थितीप्रमाणे अर्थ बदलतात, म्हणून शरीराच्याच खुणांवर आधारलेले शब्द हवेत, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १८९५ साली बाझेल येथे जर्मन शरीरशास्त्रज्ञांनी अवयवांच्या नावांची एक प्रमाण यादी मंजूर केली. तोवर निरनिराळ्या पुस्तकांत सुमारे ५० हजार नावे जमली होती, ती सुमारे ५ हजारांवर आली. एवढ्या मोठ्या पसाऱ्यातून वाट काढताना शास्त्रज्ञांनाही जो करार लेखी करावा लागला, तो चौदा वर्षांच्या मुलाला न सांगता समजावा, ही अपेक्षा अवास्तव आहे.

मराठी माध्यमातून वैद्यकीय महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्यांना आणखी एक अडथळा लागतो. "सुपीरिअर" आणि "इन्फिरिअर" म्हणजे श्रेष्ठ आणि कनिष्ठ, एवढेच त्यांना इंग्रजीच्या तासाला शिकवलेले असते. लॅटिनमध्ये या शब्दांचा मूळ अर्थ फक्त वरचा आणि खालचा असा आहे. वरची महाशिरा खालचीपेक्षा श्रेष्ठ नाही! शिक्षकाने हे एक वाक्य सांगितले तर पुढचे बरेच कष्ट वाचतात.

हातापायांसाठी तर वर-खाली हे शब्दच कमी पडतात. हात डोक्यावर उचलला की बोटे खांद्याच्या वर जातात. म्हणून तिथे अंतर मोजायचे ते अवयव धडाला जिथे जोडला आहे तिथून : जोडाच्या जवळचे ते समीपस्थ, लांबचे ते दूरस्थ. कोपर मनगटापेक्षा समीपस्थ, बोटे मनगटापेक्षा दूरस्थ; हात वर असो की खाली, यात फरक पडत नाही. पसरलेल्या हातावर पडल्यामुळे मनगटाशी होणारा नेहमीचा अस्थिभंग रेडियसच्या दूरस्थ टोकाला असतो. त्याला "हाडाच्या खालच्या टोकाचा" म्हटले तर हात गळ्यातल्या झोळीत असताना खालचे टोक कोणते, हा प्रश्न उरतोच.

तक्ता सपाट, शरीर सपाट नव्हे

माझा शेवटचा आक्षेप खोलीबद्दल आहे. कागद सपाट असतो, हा तक्त्याचा दोष नाही. पण सपाट चित्रात काय हरवले हे न सांगणे, हा दोष आहे.

उत्सर्जन संस्थेच्या चित्रात मूत्रपिंडे अगदी समोर, मोकळी दिसतात. आतडी काढून टाकलेली असतात, पण काढून टाकली आहेत असे लिहिलेले नसते. परिणामी "मूत्रपिंड कुठे?" म्हटले की मुले बेंबीच्या दोन्ही बाजूंना हात ठेवतात. खरे तर ती पोटाच्या मागच्या भिंतीलगत, कण्याच्या दोन्ही बाजूंना असतात. शिवाय यकृतामुळे उजवे मूत्रपिंड डाव्यापेक्षा थोडे खाली असते. बऱ्याच तक्त्यांत मात्र दोन्ही एका रेषेत. श्वासनलिकेच्या दोन शाखाही अशाच सुबक जुळ्या काढलेल्या असतात. प्रत्यक्षात उजवी शाखा अधिक रुंद, आखूड आणि अधिक उभी असते. लहान मुलाच्या श्वासमार्गात शेंगदाणा गेला तर तो उजव्या बाजूला जाण्याची शक्यता जास्त, ती यामुळेच. चित्र सममित काढल्याने हे कारणच पुसले जाते.

सर्वांत मोठा बळी हृदयाचा. तक्त्यावर हृदय म्हणजे चार खणांचे कपाट : उजवे दोन, डावे दोन. छातीतले हृदय असे उभे नसते. ते तिरपे असते आणि त्याचे टोक खाली, पुढे आणि डावीकडे असते. ते थोडे फिरलेलेही असते, त्यामुळे समोरून पाहिले तर दिसतो तो मुख्यतः उजवा जवनिकेचा पृष्ठभाग, आणि डावे अलिंद जवळजवळ पूर्णपणे मागे, अन्ननलिकेला लागून असते. म्हणजे हृदयाचे "उजवे" पुष्कळसे पुढे आहे आणि "डावे" पुष्कळसे मागे.

यात तज्ज्ञही फसले आहेत. हृदय शरीराबाहेर काढून टोकावर उभे धरायचे आणि मग नावे द्यायची, अशी जुनी पद्धत होती. तिच्यातून एका धमनीला "मागची उतरणारी धमनी" असे नाव मिळाले. हृदय छातीत जागेवर असताना ही धमनी मागे नसते, तर खाली, श्वासपटलावर टेकलेल्या बाजूला असते. म्हणून तिच्या क्षेत्रातल्या हृदयविकाराच्या झटक्याला डॉक्टर "खालच्या भिंतीचा" झटका म्हणतात, आणि धमनी मात्र अजून "मागची"! हृदयाचे वर्णन ते छातीत जसे असते तसेच करावे, असा आग्रह काही हृदयरचनातज्ज्ञ धरत आले आहेत. प्रमाण स्थितीचा करार मोडला की काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मग करायचे काय?

यावर एक आक्षेप येईल : मुलांवर आधीच शब्दांचे ओझे आहे, त्यात ही आणखी भर कशाला? माझे म्हणणे याच्या उलट आहे. शंभर नावे पाठ करण्याआधी तीन करार समजले तर नावांचे ओझे कमी होते. संस्कृत परिभाषा काढून टाका असेही मी म्हणत नाही. विद्यार्थ्याला पुढे ती लागणारच. पण तिच्याकडे जाण्याची पायवाट उताणा-पालथा, नडगी-पोटरी, तळहात-मळहात अशा शब्दांतून जावी.

एक तास पुरेल. एका विद्यार्थ्याला प्रमाण स्थितीत उभे करा. दुसऱ्याला तक्ता छातीशी धरायला सांगा. तिसऱ्याला बाकावर उताणे झोपवा आणि वर्गाला विचारा : आता याचे नाक वर की पुढे? गुडघा घोट्यापेक्षा समीपस्थ की दूरस्थ? मग चारही पायांवर उभ्या असलेल्या गाईचे चित्र काढून हेच प्रश्न पुन्हा विचारा. वाद होऊ द्या. कोणाचे उत्तर चुकले याहून, कोणता करार धरून ते दिले होते, हे शोधायला लावा. विज्ञानात पुष्कळदा मतभेद निसर्गाबद्दल नसतो, तो न सांगितलेल्या कराराबद्दल असतो, हे मुलांना यातून उमजेल.

त्या दिवशी त्या शाळेतून निघण्यापूर्वी आम्ही एक काम केले. ज्या मुलीला हृदय उजवीकडे दिसले होते, तिनेच मार्कर घेऊन तक्त्यातल्या माणसाच्या एका हाताशी "याचा डावा" आणि दुसऱ्या हाताशी "याचा उजवा" असे लिहिले. तक्त्याची किंमत त्यामुळे वाढली. छापणाऱ्यांनीच ते लिहिले असते तर शाईचा खर्च फार आला नसता.